बौद्ध जपानमध्ये आम्ही काय खाल्ले?

जपानहून परतल्यापासून आम्हाला दोनच प्रश्न विचारले जात आहेत. नातेवाईक विचारतात, "तिकडं खाण्यापिण्याचे हाल झाले असतील ना?" चळवळीतले साथी विचारतात, "बौद्ध राष्ट्र कसं वाटलं?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर आमच्या दृष्टीने एकच आहे आणि ते ओसाका शहरातल्या एका वाडग्यात आहे. त्या वाडग्यापर्यंत पोहोचायला आम्हाला आठ दिवस लागले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही चौघे गेलो होतो. तीन वर्षे पैसे साठवले होते, शिवाय टोकियोत आमच्यातल्या एकाचा भाऊ नोकरीला आहे, त्यामुळे चार रात्रींच्या मुक्कामाचा खर्च वाचला. निघण्यापूर्वी तिकडच्या बुराकू चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांशी आमचा ई-मेलवरून पत्रव्यवहार झाला होता. त्यांनी आम्हाला मंदिरांची नव्हे, वेगळीच यादी पाठवली. टोकियोतला कत्तलखाना, क्योटोतला एक दगड, ओसाकातला ढोलांचा रस्ता आणि रात्री उघडणारे एक उदोनचे दुकान. कोयासान पर्वत आमच्या स्वतःच्या यादीत होता, कारण तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे.

ज्यांना बुराकू कोण हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमध्ये शतकानुशतके एक अस्पृश्य समाज होता. जनावरे मारणे, मेलेली ओढणे, कातडे कमावणे, ढोल मढवणे ही त्यांची कामे. त्यांना 'एता' म्हणत, आणि ज्या चिनी अक्षरांनी हा शब्द लिहीत त्यांचा अर्थ 'भरपूर विटाळ'. दुसऱ्या एका गटाला 'हिनिन' म्हणत, म्हणजे 'माणूस नसलेला'. १८७१ साली सरकारने हुकूम काढून हा दर्जा रद्द केला. त्यानंतर दोनच वर्षांनी मिमासाका भागातल्या शेतकऱ्यांच्या दंगलीत या लोकांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. कायद्याने बरोबरी दिली की गावाच्या पोटात काय उठते, हे खैरलांजीच्या महाराष्ट्राला सांगायला नको. बुराकू म्हणजे वस्ती. चेहरा तोच, भाषा तीच, धर्म तोच, आडनावावरूनही नेहमी कळत नाही. कळते ते पत्त्यावरून. १९७५ साली असे उघड झाले की या वस्त्यांच्या नावांच्या छापील याद्या गुपचूप विकल्या जात होत्या आणि नोकरीला माणूस घेण्याआधी ताडून पाहण्यासाठी मोठमोठ्या कंपन्या त्या विकत घेत होत्या. लग्न ठरवताना खासगी गुप्तहेर लावून मुलीचे किंवा मुलाचे मूळ शोधायचे, हाही प्रकार जुनाच. १९९३ च्या सरकारी पाहणीत अशा ४,४४२ वस्त्या मोजल्या गेल्या.

आता शहराबद्दल. टोकियोत पहिले दोन दिवस आम्ही नुसते बघत होतो. लाखो माणसे गाडीतून जातात आणि डब्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. रस्त्यावर कचराकुंडी जवळजवळ सापडत नाही आणि कचराही सापडत नाही. आम्ही केळ्याची साल पिशवीत घालून दिवसभर फिरवली. शाळेत वर्ग झाडायला शिपाई नसतो, मुलेच फडकी घेऊन फरशी पुसतात. हे ऐकून आमच्यातल्या ताई बराच वेळ गप्प होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकल्या तेव्हा झाडू ठरावीक मुलींच्याच हातात दिला जाई, त्या 'ठरावीक' मुलींत त्या एक होत्या. भारतातून येणारा प्रत्येक पर्यटक जपानी स्वच्छतेवर फिदा होतो, आम्हीही झालो. पण स्वच्छता वेगळी आणि सोवळे वेगळे. स्वतःचा वर्ग स्वतः पुसणाऱ्या याच देशाने जनावर कापणाऱ्याला घाण मानले. या दोन्ही गोष्टी एकाच समाजात शेजारी शेजारी नांदू शकतात, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले.

टोकियोत आम्हाला एकाही जपानी माणसाने जात विचारली नाही. त्यांच्या लेखी आम्ही 'इंदोजिन', भारतीय. फक्त प्रत्येक हॉटेलात आम्हाला आधीच सांगितले जाई की यात मांस आहे, यात मासा आहे, चालेल का? भारतीय म्हणजे शाकाहारी, ही समजूत तिकडे पक्की बसली आहे. ती कोणी बसवली? परदेशात भारताची ओळख करून द्यायला जे आधी पोहोचले त्यांनी स्वतःचे ताट दाखवले आणि ते सगळ्या देशाचे म्हणून सांगितले. मात्र निशी-कासाई या भागात, जिथे भारतीय नोकरदारांची मोठी वस्ती आहे, एका घरगुती जेवणाला आम्हाला बोलावले होते. तिथे चपला काढल्यापासून पाचव्या मिनिटाला प्रश्न आला, "तुम्ही व्हेज की नॉनव्हेज?" आणि सातव्या मिनिटाला, "म्हणजे मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालात?" सहा हजार किलोमीटर विमानाने जाऊन जे सुटले होते, ते एका भारतीय उंबऱ्याच्या आत पुन्हा भेटले. जेवण मात्र चांगले होते, खोटे कशाला बोला.

शिनागावा स्टेशनच्या एका बाजूला उंच काचेच्या इमारती आहेत, मोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत. त्यांच्या अगदी मधोमध टोकियो महानगर सरकारचा मांसबाजार आणि कत्तलखाना आहे, शिबाउरा. तिथे लोकांसाठी एक छोटे माहिती-दालन ठेवले आहे. गाय कशी कापतात, कातडे कुठे जाते, आतडे कुठे जाते, हे चित्रांतून समजावले आहे. आणि एका भिंतीवर पत्रे लावली आहेत, इथल्या कामगारांना लोकांनी पाठवलेली. निनावी पोस्टकार्डे, शिव्या, तुम्ही खुनी आहात, तुम्ही माणसे नाहीत असा सूर. कामगारांनी ती फाडून टाकली नाहीत. लोकांनी वाचावीत म्हणून टांगली. आम्हाला जपानी येत नाही, भावाने वाचून दाखवली, आणि दोन पत्रांनंतर तो म्हणाला, पुरे.

त्याच संध्याकाळी गिन्झात फिरताना आम्ही मांसाचे भाव पाहिले. वाग्यू गोमांसाचा हाताच्या पंजाएवढा तुकडा, त्याची किंमत आमच्या चौघांच्या दोन दिवसांच्या जेवणाइतकी. पांढऱ्या चरबीची नक्षी असलेले ते मांस काचेच्या पेटीत दागिन्यासारखे ठेवले होते. सम्राट तेन्मू याने इसवी सन ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खायला वर्षातले काही महिने बंदी केली होती. त्यामागे बौद्ध धर्माचा प्रभाव होता असे इतिहासकार सांगतात. पुढे बंद्या येत राहिल्या, मोडत राहिल्या, पण मांसाला आणि मांसाचे काम करणाऱ्याला विटाळ चिकटला तो कायमचा. मग १८७२ साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि गोमांस एका रात्रीत प्रगतीचे लक्षण ठरले. खाणारा प्रतिष्ठित झाला. कापणाऱ्याला पोस्टकार्डे येत राहिली. आपला देश म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत जगात पुढच्या रांगेत आहे. ते डॉलर कोणाला विटाळत नाहीत, पण गुरे घेऊन जाणारा टेम्पो अडवला की मारला जातो तो ड्रायव्हर. यात जपानी काय आणि भारतीय काय!

तिथून आम्ही कोयासानला गेलो. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई कंपनीची गाडी डोंगरात चढत जाते, शेवटचे स्टेशन गोकुराकुबाशी, म्हणजे सुखावतीचा पूल. पुढे दोराने ओढली जाणारी केबलकार. वर देवदारांच्या जंगलात कुकाई या भिक्खूने ८१६ साली स्थापन केलेले शिंगोन पंथाचे केंद्र. विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा पाहिला तेव्हा आमचे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही. परक्या देशात, थंडीत, चष्म्यावर धुके आणि समोर बाबासाहेब. या पुतळ्याचे अनावरण २०१५ साली महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, गाईबरोबर बैल आणि वळूही बंद झाले आणि गरिबाच्या ताटातले सर्वांत स्वस्त मांस गेले. घरात बाळगण्यावरचा गुन्हा उच्च न्यायालयाने २०१६ साली काही अंशी रद्द केला, पण भीती रद्द झाली नाही. पुतळा डोंगरावर आणि कायदा ताटावर, एकाच वर्षी. आम्ही पुतळ्यासमोर उभे राहून यावर भांडलो. आमच्यातला एक म्हणाला, आज तरी राजकारण नको. बाकी तिघांचे म्हणणे होते की बाबासाहेबांसमोर राजकारण नको म्हणणे हाच त्यांचा अपमान आहे.

कोयासानवर राहायला हॉटेले फारशी नाहीत, मठातच खोल्या मिळतात. भाडे ऐकून आमची छाती दडपली, पण एक रात्र राहिलो. संध्याकाळी सहाच्या आत जेवण. लाखेच्या लाल तबकात छोट्या छोट्या वाट्या. तिळाचा दुधासारखा तोफू, गोठवून वाळवलेला कोया-तोफू, डोंगरातल्या पालेभाज्या, लोणचे, भात. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. याला शोजिन र्योरी म्हणतात. 'शोजिन' हा शब्द आपल्या 'वीर्य' पारमितेचे भाषांतर आहे, म्हणजे सम्यक प्रयत्नाचे जेवण. चवीला अप्रतिम होते. तिळाच्या तोफूची आठवण अजून जिभेवर आहे.

शेजारच्या खोलीत भारतातून आलेला एक मोठा गट होता. नाश्त्याला ते आमच्याशी बोलले. एक सद्गृहस्थ भारावून म्हणाले, "बघा, हेच खरं बौद्ध जेवण. सात्त्विक. बुद्धाची शिकवण यांनी जपली, आपल्याकडच्या बौद्धांनी मात्र..." आणि ते थांबले. कदाचित आमच्यातल्या एकाच्या मोबाईलच्या मागचा अशोकचक्राचा निळा स्टिकर त्यांना दिसला असावा. त्यांनी चहा मागवला.

त्यांचे वाक्य अर्धेच राहिले, पण आपल्याला ते पुरे माहीत आहे. आणि दुःख याचे आहे की ते आता आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकू येते. विहाराच्या दारावर 'मांसाहार करून येऊ नये' अशी पाटी लागते. चौदा एप्रिलच्या सामुदायिक भोजनात मटण नको, 'कोणाला वाईट वाटायला नको' म्हणून पुरी-भाजी. कोणाला वाईट वाटायला नको? जो कधी आपल्या पंगतीला आलाच नाही त्याला? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये गरज म्हणून मारणे आणि मारण्याची इच्छा म्हणून मारणे यांत फरक केला, अहिंसेला ताटातला नियम बनवले नाही. भिक्खूने स्वतःसाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस घेऊ नये, एवढीच विनयातली अट. यापलीकडचे सोवळे कुठून आले ते आपण ओळखले पाहिजे.

कोयासान उतरण्यापूर्वी ताईंनी आम्हाला एका छोट्या लाकडी इमारतीपाशी नेले, न्योनिन्दो, स्त्रियांचा मंडप. १८७२ पर्यंत स्त्रियांना या पवित्र डोंगरावर प्रवेश नव्हता. त्यांनी इथपर्यंत यायचे आणि बाहेरूनच नमस्कार करायचा. ताई म्हणाल्या, "आता कळलं, सुखावतीचा पूल कोणासाठी होता ते." सात्त्विक जेवणाबद्दल त्या दिवसभर पुन्हा काही बोलल्या नाहीत.

ओसाका टोकियोसारखे नाही. इथे लोक मोठ्याने बोलतात, हसतात, अनोळखी माणसाला छत्री कुठे घेतली विचारतात. टोकियोत सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहतात, इथे उजवीकडे; आम्ही दोन्हीकडे चुकलो. पत्रव्यवहारातले ते ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला आशिहाराबाशी स्टेशनवर घ्यायला आले. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, सोबत दुभाषा म्हणून नात. हा नानिवाचा भाग जुन्या काळापासून चामड्याचा आणि ढोलांचा. रस्त्यावर जागोजाग ढोलाच्या खुणा आहेत. ताइको ढोल जपानच्या प्रत्येक उत्सवात वाजतो, जगभर त्याचे कार्यक्रम होतात. पण वाजवणाऱ्याला टाळ्या आणि मढवणाऱ्याला विटाळ! म्हणून १९८७ साली इथल्या तरुणांनी स्वतःचा ताइको गट काढला, नाव ठेवले 'इकारी', म्हणजे संताप. आम्ही त्यांना हलगीबद्दल सांगितले. लग्नात हलगीवाल्यावाचून वरात हलत नाही आणि जेवायला मात्र त्याला मांडवाच्या बाहेर बसवत. नात भाषांतर करता करता थांबली, आजोबा आधीच मान हलवत होते.

याच भागात ओसाका मानवाधिकार संग्रहालय होते. १९८५ ला सुरू झाले, पुढे राजकारण्यांनी अनुदान तोडले, जागेवरून महानगरपालिकेने कोर्टात खेचले, २०२० साली ते बंद झाले. आजोबांनी फक्त हात करून जागा दाखवली आणि पुढे चालू लागले.

मग तो वाडगा. रात्री उघडणारे दहा-बारा खुर्च्यांचे दुकान. कासू उदोन. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, मऊ शेवया. समुद्री शेवाळ आणि सुक्या माशांच्या अर्काचा गरम रस्सा. वर बारीक चिरलेली कांद्याची पात. आणि 'आबुराकासू', गाईच्या आतड्याचे तुकडे, त्यांच्याच चरबीत मंद आचेवर तळून तळून चरबी काढून घेतलेले. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. रश्शात पडले की चरबीचे सोनेरी ठिपके वर तरंगतात. पहिला घास घेतला आणि आमच्यातला एक मराठवाड्याचा मित्र चमचा खाली ठेवून म्हणाला, "अरे, ही तर वजडीय!" वासासकट. खरपूस, जरासा उग्र, चुलीचा. आम्ही तिघांनी वजडी एक तर आजीच्या हातची खाल्ली होती किंवा फक्त ऐकली होती. तो लहानपणी आठवड्यातून एकदा खात होता आणि शाळेत कोणाला सांगत नव्हता.

आजोबांनी सोबत एक छोटी बशी मागवली, साईबोशी. घोड्याचे मांस, मीठ लावून, वाळवून, धुरी दिलेले, पातळ काप, आल्याबरोबर खायचे. ही चानी! आपल्याकडे बैलाच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवायच्या आणि पावसाळ्यात, काम नसताना, दोन तुकडे चुलीत भाजून भाकरीबरोबर घ्यायचे. शाहू पाटोळे यांचे २०१५ साली आलेले 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' ज्यांनी वाचले असेल त्यांना हे सांगायला नको. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी आधी ते वाचावे, हा लेख नंतर वाचला तरी चालेल. ओसाकाच्याच एका बुराकू वस्तीत जन्मलेले लेखक योशिहिरो उएहारा यांनी २००५ साली असेच एक पुस्तक लिहिले. ते ब्राझीलला गेले, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या स्वयंपाकघरात गेले, रोमा लोकांकडे गेले आणि नेपाळात सार्की समाजाकडेही गेले. सगळीकडे त्यांना हीच गोष्ट दिसली. मालकाने टाकून दिलेला भाग गुलामाने उचलला आणि त्याची चव काढली. जपानीत आतड्याला 'होरुमोन' म्हणतात. ओसाकाच्या बोलीत त्याचा अर्थ 'फेकायच्या वस्तू' असा लावला जातो. शब्दाची व्युत्पत्ती खरी असो वा नसो, लोकांनी ती मानली यातच सगळे आले.

आमच्या अवतीभवती दुकानात कॉलेजची पोरे, ऑफिसातून उशिरा सुटलेले टाय घातलेले लोक बसले होते. कासू उदोन आता ओसाकात लोकप्रिय झाले आहे, त्याच्या साखळी-दुकानांच्या शाखा निघाल्या आहेत. आम्ही आनंदाने म्हणालो, "म्हणजे तुम्ही जिंकलात!" आजोबांनी लगेच उत्तर दिले नाही. मग ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी हे वस्तीबाहेर कोणी खात नसे, आईने डब्यात दिले तर ते झाकण अर्धे लावून खात. आज सगळे खातात, हे पाहून बरे वाटते. पण या दुकानाच्या भिंतीवर, मेनूवर, कुठेही लिहिलेले नाही की हे कोणाचे अन्न आहे. या टाय घातलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल ओसाकाची खासियत. आणि हाच माणूस उद्या मुलीच्या सासरच्यांचा पत्ता तपासेल. असे म्हणून ते हसले आणि त्यांनी वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला.

हॉटेलवर परतल्यावर आमच्यात जोरदार वाद झाला, तो इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण हा आपल्या सगळ्यांचाच वाद आहे. आमच्यातला एक म्हणाला, "बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. आपल्या आजोबांनी सोडलं, म्हणून आपण इथपर्यंत आलो. आता त्याच वजडीचं कौतुक करायचं? उपासमारीचं अन्न आहे ते. भुकेचा उत्सव कशाला?" हा प्रश्न टोलवून लावण्यासारखा नाही. मेलेले ढोर ओढणे ही गावकीची सक्ती होती आणि त्याचे मांस ही त्या सक्तीची मजुरी होती. ती नाकारणे म्हणजे गावाने ठरवून दिलेली जागा नाकारणे. बाबासाहेबांचा घाव त्या सक्तीवर होता. मांस अपवित्र आहे असे जर त्यांना म्हणायचे असते, तर १९४८ साली 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतक्या धारदारपणे उलगडला नसता. त्या ग्रंथाचे म्हणणेच हे की ब्राह्मणांनी गोमांस सोडून गाईला पवित्र केले आणि ज्यांनी ते सोडले नाही, त्या बौद्ध 'पराभूत माणसांना' गावाबाहेर काढले. म्हणजे ताट हे कारण झाले नाही, ताटाचा विटाळ ठरवण्याची सत्ता हे कारण झाले. आमचा साथी यावर गप्प झाला, पण पटले का विचाराल तर अर्धेच. आणि तो म्हणाला तेही खरेच आहे, की भूक सोसलेल्याला भुकेच्या अन्नाची आठवण गोड लागतेच असे नाही. ते खायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. लपवायचे का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्या व्हॉट्सअप गटांवर रोज फिरते, 'जपान बौद्ध आहे म्हणून प्रगत आहे, तिथे जात नाही.' मित्रांनो, हे पुढे पाठवणे थांबवा. जपानात बौद्ध धर्म सहाव्या शतकापासून आहे आणि अस्पृश्यताही शेकडो वर्षे होती. जीवहत्येच्या निषेधाला शिंतो परंपरेतल्या विटाळाच्या कल्पनेची जोड मिळाली आणि खाटकाचे, चांभाराचे माणूसपण गेले. मेल्यानंतर बौद्ध भिक्खू मृताला धर्मनाम देतात, ते दगडावर कोरतात. बुराकू माणसांच्या दगडांवर कित्येक मंदिरांत 'पशू', 'नीच', 'चामडे' या अर्थाची अक्षरे कोरली गेली. मेल्यावरही सुटका नाही. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या प्रमुखांनी जपानात असा भेदभावच नाही असे ठणकावून सांगितले. बुराकू संघटनांनी त्यांना धरले, वर्षानुवर्षे जाब विचारला, तेव्हा पाच वर्षांनी त्यांनी शब्द मागे घेतले. थडग्यांचाही शोध घेतला गेला.

याचा अर्थ बुद्ध चुकला असा नाही. याचा अर्थ एवढाच की बाबासाहेबांनी आपल्याला कोणत्याही तयार पंथात नेऊन बसवले नाही, बावीस प्रतिज्ञांसह नवी वाट काढून दिली, ती का, हे आम्हाला जपानमध्ये अधिक कळले. क्योटोच्या ओकाझाकी भागात तो दगड आहे, यादीतला. तिथे ३ मार्च १९२२ रोजी बुराकू लोकांनी सुइहेइशा ही संघटना स्थापन केली, आपल्या महाडच्या आधी पाच वर्षे. जाहीरनामा लिहिणारा तरुण साइको मान्किची हा बुराकू वस्तीतल्या बौद्ध मंदिराच्या पुरोहिताचा मुलगा. त्यांचा झेंडा काळा, त्यावर लाल काटेरी मुकुट. आणि या लोकांनी पहिल्याच तडाख्यात काय केले? बहुतेक बुराकू ज्या पंथाचे अनुयायी, त्या होंगान्जी मंदिरांना कळवले की यापुढे तुम्हाला आमच्याकडून देणगी नाही. धर्म सोडला नाही, पण धर्माच्या पेटीत पैसा टाकणे थांबवले. आपण धर्म सोडला, त्यांनी पेटी सोडली. आपल्या विहारांच्या आणि स्मारकांच्या समित्यांनी या दुसऱ्या हत्याराचाही थोडा अभ्यास करावा, असे आम्हाला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

जाता जाता एक. २०१३ साली आलेला ओसाका भागातल्या एका खाटीक कुटुंबावरचा माहितीपट, दिग्दर्शिका आया हानाबुसा, आपल्या अभ्यास मंडळांनी मिळवून दाखवावा. स्वतः पाळलेली गाय स्वतः रस्त्यावरून चालवत नेऊन कापणारे, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारे कुटुंब, आणि त्यातलाच एक भाऊ त्या कातड्याचा ढोल करतो. त्यात कोणी रडत नाही आणि कोणी माफी मागत नाही.

परतल्यावर आमच्या मराठवाड्याच्या मित्राने त्याच्या आईला मोबाईलवर फोटो दाखवले. फुजी पर्वत, बुलेट ट्रेन, बाबासाहेबांचा पुतळा; पुतळ्याला तिने स्क्रीनवर हात लावून जयभीम केला. मग उदोनचा वाडगा आला. तिने डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, "हे खायला इमानात बसून गेलते व्हय रे?" आम्ही सगळे हसलो, तीही हसली. मग साईबोशीचा फोटो, दोरीला टांगलेल्या मांसाच्या पट्ट्यांचा. तो तिने बराच वेळ धरून ठेवला. "आमी वलनीवर वाळू घालायचो," ती म्हणाली, "आन् गुरुजी पट मांडायला आले की वरून लुगडं टाकायचो. वास यायचाच की. पन गुरुजी बी काई बोलायचे नाईत आन् आमी बी." नंतर तिने फोटो बोटांनी मोठा केला, जवळ नेला आणि विचारले, "इतक्या जाड कापतेत? मग वाळत्यात कदी?"